सर्व्हर दर काही दिवसांनी मंदावतो आणि रीस्टार्ट केला की सुधारतो: मेमरी व कॅशेची तपासणी

लिनक्स मशीन, त्यावर एन्जिनएक्स किंवा अपाचे हा वेब सर्व्हर, सोबत पीएचपी चालवणारं पीएचपी-एफपीएम आणि त्याच मशीनवर मायएसक्यूएल हा डेटाबेस. या मांडणीत एक बिघाड पुन्हा पुन्हा येतो. रीस्टार्टनंतर साइट झटपट उघडते, काही दिवसांनी पानं रेंगाळू लागतात, एखाद्या गर्दीच्या वेळी सगळंच अडकतं आणि पुन्हा रीस्टार्ट करावा लागतो. रीस्टार्टने मेमरी मोकळी होते, पण ती भरली कशाने याचा पुरावाही त्याच क्षणी पुसला जातो. म्हणूनच हा बिघाड परत येत राहतो.

लक्षणं नीट ओळखा

सगळ्या मंदपणाचं मूळ एक नसतं, म्हणून नेमकं काय मंद आहे ते आधी पाहा.

लोगोसारखी स्थिर फाइल लगेच उघडते, पण पीएचपीचं पान पाच-दहा सेकंद घेतं: वर्कर, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या पीएचपीच्या प्रोसेस, अडकलेत किंवा कमी पडताहेत.

एसएसएचने आत शिरायलाच अर्धा मिनिट लागतो, टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटतात: मशीन रॅम आणि डिस्क यांच्यात मेमरीची पानं (मेमरीचे छोटे ठरावीक तुकडे, वेबपानं नव्हेत) हलवण्यातच गुंतलं आहे. या लेखाचा मुख्य विषय हाच.

लोड ॲव्हरेज तीस-चाळीसवर, पण सीपीयू निवांत: लिनक्समध्ये डिस्कची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसही लोडमध्ये मोजल्या जातात. त्यामुळे लोड वाढला म्हणजे सीपीयू कमी पडतोय असं नाही.

मायएसक्यूएल 'आपोआप बंद' होतं: बहुतेक वेळा कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, मेमरी संपल्यामुळे ते मारलेलं असतं.

रीस्टार्टनंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटंच साइट मंद असते, मग सुरळीत चालते: कॅशे, म्हणजे पुन्हा लागणारा डेटा हाताशी ठेवणारी जागा, अजून थंड, म्हणजे रिकामी आहे. हा बिघाड नाही.

रोज ठरावीक वेळीच मंद होते: बॅकअप किंवा एखादं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) काम.

आणि कंट्रोल पॅनेलवर 'मेमरी ९५ टक्के वापरात' असा लाल पट्टा दिसणं, साइट मात्र ठणठणीत: हे लक्षणच नाही. का, ते पुढे येईलच.

रीस्टार्टच्या आधीची दोन मिनिटं

सर्व्हर रडत असतानाच चार गोष्टी फाइलमध्ये साठवून ठेवा: 'फ्री -एम'चं उत्तर, 'व्हीएमस्टॅट १ ३०'चं उत्तर, मेमरीनुसार उतरत्या क्रमाने लावलेली 'पीएस'ची यादी आणि कर्नलच्या संदेशांच्या 'डीमेसेज -टी'चा (मोठा टी) शेवटचा भाग. मशीन इतकं अडकलं असेल की आज्ञा चालतच नाहीत, तर पुढच्या वेळेसाठी सिसस्टॅट बसवून त्याची नोंदणी चालू करा. दर दहा मिनिटांनी ते मेमरी, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आणि डिस्कची स्थिती लिहून ठेवतं, आणि रात्री तीनला काय घडलं ते सकाळी वाचता येतं. खर्च शून्य, त्रास जवळपास शून्य. हे आधीच चालू नसेल तर आजच करा.

'फ्री' हा रकाना सोडून द्या, 'अव्हेलेबल' वाचा

आठ जीबीच्या मशीनवर 'फ्री'खाली २०० एमबी दिसतात आणि माणूस घाबरतो. खरं तर कर्नल रिकामी रॅम पडीक ठेवत नाही. डिस्कवरून वाचलेली प्रत्येक फाइल तो रॅममध्ये ठेवून घेतो, म्हणजे पुढच्या वेळी डिस्कला हात लावावा लागू नये. हीच पेज कॅशे. रॅममधून वाचन नॅनोसेकंदांत होतं, एसएसडीवरून मायक्रोसेकंदांत, फिरत्या डिस्कवरून मिलिसेकंदांत. तुमची साइट जलद वाटते ती बऱ्याच अंशी या कॅशेमुळेच. एखाद्या प्रोग्रामला मेमरी हवी झाली की यातली न बदललेली पानं कर्नल तत्काळ सोडून देतो, बदललेली पानं मात्र आधी डिस्कवर लिहावी लागतात.

म्हणून पाहायचा तो 'अव्हेलेबल' रकाना. स्वॅप न वापरता नव्या कामाला साधारण किती मेमरी मिळू शकेल याचा तो कर्नलचा अंदाज असतो, आवृत्ती ३.१४ पासून कर्नल स्वतःच तो देतो. एकूण रॅमच्या वीस टक्क्यांहून जास्त अव्हेलेबल असेल तर मेमरीची चिंता सोडून सरळ डेटाबेसच्या तपासणीकडे जा. दहा टक्क्यांखाली गेला आणि तिथेच रेंगाळला, तर तुम्ही योग्य जागी आला आहात. हे आकडे नियम नव्हेत, अंदाजाने धरलेल्या खुणा आहेत.

तीन ठिकाणी हा हिशेब फसवतो. टीएमपीएफएसवर (रॅममध्येच राहणाऱ्या फाइल सिस्टीमवर) ठेवलेल्या फाइली 'बफ/कॅशे'मध्ये मोजल्या जातात, पण कर्नलला त्या फेकता येत नाहीत, फार तर स्वॅपमध्ये टाकता येतात. 'शेअर्ड' रकाना मोठा दिसला तर तिथे पाहा. झेडएफएस या फाइल सिस्टीमची स्वतःची कॅशे उलट 'यूज्ड'मध्ये दिसते, त्यामुळे मेमरी खरोखरच संपल्यासारखी वाटते. कंटेनरमध्ये चालवत असाल तर आतून चालवलेली 'फ्री' बहुधा संपूर्ण यजमान मशीनचे आकडे दाखवते, कंटेनरची मर्यादा नाही. तिथे सीग्रुपचे, म्हणजे कंटेनरला मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीचे, आकडे वाचा. कंटेनर १३७ हा कोड देऊन बंद पडला असेल तर त्याला सक्तीने मारलं गेलंय, आणि पहिला संशय मेमरीच्या मर्यादेवर घ्यावा.

इथेच एक कळकळीची विनंती. 'ड्रॉप_कॅशेस'मध्ये ३ लिहून दर तासाला कॅशे रिकामी करणारं क्रॉन कुणी लावून ठेवलं असेल तर ते आधी काढा. त्याने 'फ्री'चा आकडा छान दिसतो, पण पुढची प्रत्येक फाइल पुन्हा डिस्कवरून वाचावी लागते. कर्नल जी मेमरी गरज पडताच देणारच होता ती रिकामी करून फायदा शून्य, मंदपणा मात्र हमखास. ती सोय चाचण्या आणि तपासणीसाठी आहे, रोजच्या देखभालीसाठी नाही.

स्वॅप भरलाय की वाहतोय?

स्वॅपमध्ये ५०० एमबी पडून आहेत एवढ्यावरून काही ठरत नाही. सुरू झाल्यावर ज्यांना कुणी हात लावला नाही अशी पानं तिथे आठवडाभर पडून राहिली तरी बिघडत नाही. पाहायची ती ये-जा. 'व्हीएमस्टॅट १' चालवा, पहिली ओळ सोडून द्या, कारण ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, आणि 'एसआय' (स्वॅपमधून आत) व 'एसओ' (स्वॅपमध्ये बाहेर) हे रकाने बघा. अधूनमधून आकडा उमटला तर चालेल. दर सेकंदाला दोन्हीकडे शेकडो-हजारो दिसत असतील, सोबत 'डब्ल्यूए' (डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ) चढलेला असेल, तर मशीन स्वॅपमध्ये घुसळतंय.

इथे एक जागा हमखास चुकते. ज्या मशीनवर स्वॅप ठेवलेलाच नाही तिथे हे दोन्ही रकाने कायम शून्य राहतात आणि 'मेमरीचा प्रश्न नाही' असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात अशा मशीनवर मेमरी आटली की कर्नल चालू प्रोग्रामच्या कोडचीच पानं फेकतो, कारण ती डिस्कवरच्या फाइलीतून पुन्हा वाचता येतात, आणि पुढच्याच क्षणी ती परत वाचावी लागतात. खूण अशी: 'एसआय' शून्य, पण 'बीआय' (डिस्कवरून होणारं वाचन) सतत मोठा, अव्हेलेबल तळाला आणि मशीन गोठलेलं. कर्नल ४.२० किंवा नंतरचा असेल आणि ही सोय चालू असेल तर 'प्रॉक'मधल्या 'प्रेशर' फोल्डरमधली 'मेमरी' ही फाइल वाचा. पहिल्या ओळीत किमान एक काम मेमरीसाठी अडलं होतं अशा वेळेची टक्केवारी असते, दुसऱ्या ओळीत सगळीच कामं एकदम अडली होती अशा वेळेची. दुसऱ्या ओळीतला दहा सेकंदांचा आकडा सतत शून्याच्या वर असेल तर वाद संपला.

'स्वॅपीनेस' (कर्नलने स्वॅपकडे किती कल ठेवावा तो आकडा) ६० वरून १० करणं हा लोकप्रिय उपाय आहे. डेटाबेस असलेल्या मशीनवर तो करायला हरकत नाही, पण त्याने मेमरी वाढत नाही. प्रोसेसना हवी असलेली मेमरी रॅमपेक्षा जास्त असेल तर फक्त कोसळण्याची तऱ्हा बदलते. स्वॅप पूर्ण काढून टाकणंही शहाणपणाचं नाही. एक-दोन जीबी ठेवला की निदान इशारा मिळायला वेळ मिळतो.

डिस्क, क्रॉन, लॉग

डिस्क भरली आहे का ते 'डीएफ -एच'ने आणि आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) संपलेत का ते 'डीएफ -आय'ने बघा. सेशनच्या लाखो बारीक फाइलींनी आयनोड संपतात आणि जागा शिल्लक असूनही लिहिणं थांबतं.

ठरावीक वेळचा मंदपणा असेल तर क्रॉनची यादी त्या वेळेशी ताडून पाहा. रात्रीचा बॅकअप सगळ्या फाइली एकदा वाचतो, त्या पेज कॅशेत येतात आणि साइटला रोज लागणारी पानं बाहेर ढकलली जातात. बॅकअप संपला तरी त्यानंतर काही वेळ साइट सुस्त वाटते ती यामुळे. वेळ बदला, वेग मर्यादित करा, डिस्कवरचा अग्रक्रम कमी करणारं 'आयओनाइस' लावा. फक्त सगळेच डिस्क शेड्यूलर 'आयओनाइस'ला जुमानत नाहीत.

लॉगमध्ये दोन वाक्यं शोधा. डीमेसेजमध्ये 'आउट ऑफ मेमरी' आणि त्यापुढे मारलेल्या प्रोसेसचं नाव. लक्षात ठेवा, मारली जाते ती गुन्हेगार असेलच असं नाही. कर्नल साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसला निवडतो, आणि या मांडणीत ती बहुधा मायएसक्यूएल असते. शंभर पीएचपी वर्करांनी मिळून मेमरी खाल्ली तरी बळी डेटाबेसचा जातो. दुसरं वाक्य एफपीएमच्या लॉगमधलं: 'पीएम.मॅक्स_चिल्ड्रेन'ची, म्हणजे जास्तीत जास्त वर्करांची, मर्यादा गाठली, ती वाढवण्याचा विचार करा. हा सल्ला हिशेब न करता पाळणं हेच या वारंवार येणाऱ्या बिघाडाचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

कमाल मर्यादांची बेरीज

मर्यादा वाढवल्यावर काय होतं ते पाहा. गर्दी आली, वर्कर वाढले, रॅम संपली, स्वॅप सुरू झाला. आता प्रत्येक विनंती अर्ध्या सेकंदाऐवजी पाच सेकंद घेते. म्हणजे तेवढीच गर्दी असूनही एका वेळी दसपट विनंत्या आत अडकलेल्या. त्यासाठी आणखी वर्कर, आणखी मेमरी, आणखी स्वॅप. हे चक्र सुरू झालं की गर्दी ओसरली तरी मशीन सहज सावरत नाही. म्हणून मर्यादा अशी हवी की सगळे वर्कर एकदम कामाला लागले तरी रॅम पुरली पाहिजे. जादा विनंत्या रांगेत क्षणभर थांबलेल्या परवडतात, स्वॅपमध्ये अडकलेले वर्कर परवडत नाहीत.

एका वर्करचं वजन, म्हणजे तो घेत असलेली मेमरी, काढताना 'पीएस'मधला 'आरएसएस' वापरला तर सगळ्यांत सामाईक असलेली मेमरी प्रत्येकाच्या खात्यात पुन्हा पुन्हा धरली जाते आणि आकडा फुगतो. 'स्मेम' हे साधन 'पीएसएस' दाखवतं, त्यात सामाईक भाग वाटून घेतलेला असतो. तो धरा, आणि सकाळच्या शांत वेळी नव्हे, वर्कर निदान काही तास काम करून झाल्यावर मोजा.

समजा ८ जीबी रॅम आहे. मायएसक्यूएलचा बफर पूल (टेबलांचा डेटा रॅममध्ये ठेवणारी त्याची कॅशे) २ जीबी, त्यावरचा इतर खर्च आणि जोडण्या धरून २.५ जीबी. रेडिस (डेटा रॅममध्ये ठेवणारं साठवणीचं सॉफ्टवेअर) अर्धा जीबी. कर्नल, वेब सर्व्हर, लॉग, देखरेख यांना पाऊण जीबी. पेज कॅशेसाठी मुद्दाम राखलेला दीड जीबी. हा राखीव वाटा लोक विसरतात आणि मग डिस्क का तापते ते कळत नाही. उरले पावणेतीन जीबी, म्हणजे सुमारे २८०० एमबी. वर्करचं वजन ७० एमबी असेल तर ४० वर्कर. तिथे १०० लिहिलं असेल तर ती ७ जीबीची मागणी झाली, आणि ती पहिल्या मोठ्या गर्दीची वाट पाहत बसलेली असते.

पीएचपीचा 'मेमरी_लिमिट' हा आकडा इथे भागाकारासाठी वापरू नका. ती एका विनंतीची कमाल मर्यादा आहे, सरासरी वजन नव्हे. पण तो कुणीतरी एका जड कामासाठी १ जीबी करून ठेवला असेल तर असे चार-पाच वर्कर एकदम फुगून हिशेब उधळतात. असं जड काम वेगळ्या पूलमध्ये, दोन-तीन वर्करांच्या मर्यादेत चालवा.

'पीएम.मॅक्स_रिक्वेस्ट्स' (किती विनंत्यांनंतर वर्कर बदलायचा) मुळात ० असतो, म्हणजे वर्कर कधीच बदलला जात नाही. एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये मेमरी गळत असेल तर ती दिवसेंदिवस साचते. 'तीन-चार दिवसांनी मंद'चा हाही एक उगम. ५०० ते १००० ठेवा. गळती त्याने बुजत नाही, पण साचत नाही.

हिशेबाने निघालेले ४० वर्कर कमी पडत असतील तर ते कशाची वाट पाहताहेत ते आधी बघा. एफपीएमचा स्लोलॉग पाच सेकंदांच्या मर्यादेवर चालू केला की पीएचपी नेमकी कुठल्या ओळीवर थांबली ते कळतं. बाहेरच्या एखाद्या सेवेच्या उत्तराची वाट पाहत वर्कर बसून असतील तर त्या जोडणीला दोन-तीन सेकंदांची मुदत घालणं हे रॅम वाढवण्यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक असतं.

डेटाबेसचा वाटा

बफर पूलचा आकार ठरवणारा 'इनोडीबी_बफर_पूल_साइझ' मुळात १२८ एमबी असतो, बऱ्याच साइटना तो अपुरा पडतो. दुसरीकडे 'रॅमच्या सत्तर-ऐंशी टक्के द्या' हा सल्ला फक्त डेटाबेसलाच वाहिलेल्या मशीनसाठी आहे. पीएचपी शेजारी असताना तो पाळला तर बफर पूलच स्वॅपमध्ये जातो. मायएसक्यूएल समजतं की पान रॅममध्ये आहे, प्रत्यक्षात ते डिस्कवर असतं.

आकार पुरेसा आहे का हे ठरवायला 'इनोडीबी_बफर_पूल_रीड्स' (डिस्कवरून झालेली वाचनं) आणि 'इनोडीबी_बफर_पूल_रीड_रिक्वेस्ट्स' (वाचनाच्या एकूण मागण्या) हे दोन आकडे गर्दीच्या वेळी दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा घ्या आणि फरकांचं गुणोत्तर काढा. सुरुवातीपासूनची एकूण बेरीज कामाची नाही, त्यात थंड कॅशेचा काळ मिसळलेला असतो. डिस्कवरून वाचन एक टक्क्याखाली असेल तर पूल वाढवून फारसं हाती लागणार नाही; तेव्हा स्लो क्वेरी लॉग चालू करून इंडेक्स नसलेल्या क्वेरी शोधा. जुन्या सल्ल्यांमध्ये क्वेरी कॅशे वाढवायला सांगितलेलं सापडेल. मायएसक्यूएल ८.० मधून ती काढूनच टाकली आहे.

'सॉर्ट_बफर' आणि 'जॉइन_बफर' हे सगळ्यांना मिळून नसतात, प्रत्येक जोडणीला गरजेनुसार वेगळे मिळतात. 'ट्यूनिंग' म्हणून ते ६४ एमबी केलेले असतील तर मूळ किमतीवर आणा.

ओपकॅशे आणि रेडिस

ओपकॅशेला, म्हणजे संकलित पीएचपी कोड साठवणाऱ्या कॅशेला, मुळात १२८ एमबी आणि १०,००० फाइलींची मर्यादा असते. ती भरली की कॅशेत न मावलेल्या फाइली प्रत्येक विनंतीला नव्याने संकलित होतात आणि सीपीयू चढतो. 'ओपकॅशे_गेट_स्टेटस'मध्ये 'कॅशे_फुल', 'ओओएम_रीस्टार्ट्स' आणि 'हॅश_रीस्टार्ट्स' बघा. ही तपासणी वेबमार्फतच करा. टर्मिनलवरच्या पीएचपीची ओपकॅशे निराळी असते आणि तिथले आकडे दिशाभूल करतात. तपासणीची फाइल काम झाल्यावर काढून टाका.

रेडिसला 'मॅक्समेमरी' ही मेमरीची मर्यादा मुळात नसतेच, म्हणजे ६४ बिट मशीनवर ते रॅम संपेपर्यंत वाढू शकतं. मर्यादा घातली पण धोरण 'नोइव्हिक्शन'च (काहीही फेकू नका) राहिलं तर भरल्यावर लिहिणं नाकारलं जातं. केवळ कॅशेसाठी वापर असेल तर 'ऑलकीज-एलआरयू' (बराच काळ न वापरलेलं आधी फेका) ठेवा. मात्र त्याच रेडिसमध्ये लॉगिनचे सेशन किंवा कामांची रांग असेल तर हे धोरण तीही फेकून देईल आणि वापरकर्ते अचानक लॉगआउट होतील. धोरण संपूर्ण इन्स्टन्सला लागू होतं, त्यामुळे दोन वेगळी इन्स्टन्स चालवा. शिवाय रेडिस डेटा डिस्कवर साठवताना स्वतःच्या प्रोसेसची प्रत बनवतं (फोर्क). त्या वेळी लिखाण जास्त असेल तर मेमरी बरीच फुगते. रेडिसला शेवटचा एमबीही वाटून टाकू नका.

पूर्ण पानाची कॅशे लावली असेल तर ती चालते का हे तपासा. एन्जिनएक्समध्ये कॅशेची स्थिती हेडरमध्ये दाखवा आणि तेच पान दोनदा मागवा. दुसऱ्यांदाही 'मिस' येत असेल तर बहुतेक वेळा ॲप्लिकेशन प्रत्येक पानावर सेशन उघडून कुकी पाठवत असतं, आणि कुकी बसवणारं उत्तर एन्जिनएक्स मुळात साठवतच नाही. लॉगिन न केलेल्या वाचकासाठी सेशन उघडणं बंद करा. 'प्रॉक्सी_कॅशे_लॉक'ही (एन्जिनएक्स थेट एफपीएमला जोडलं असेल तर 'फास्टसीजीआय_कॅशे_लॉक') चालू करा, नाहीतर कॅशेत अजून नसलेल्या लोकप्रिय पानासाठी शंभर विनंत्या एकदम मागे धडकतात.

बदल एका वेळी एकच करा, आणि निदान एक खरी गर्दी जाऊ दिल्याशिवाय निकाल ठरवू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डीमेसेजमध्ये डिस्कच्या वाचन-लेखनाच्या चुका दिसल्या, फाइल सिस्टीम आपोआप केवळ-वाचन झाली, किंवा रॅममधल्या चुका दुरुस्त केल्याच्या नोंदी वाढू लागल्या, तर हे हार्डवेअर आहे. सेटिंगला हात न लावता डेटाची प्रत बाहेर काढा आणि सर्व्हर पुरवणाऱ्याला कळवा.

मायएसक्यूएल सुरू होताना टेबल बिघडल्याचं सांगत असेल तर सक्तीची रिकव्हरी स्वतः करून पाहू नका. चुकीच्या पातळीवर ती उरलेला डेटाही घालवू शकते. डेटा फोल्डरची जशीच्या तशी प्रत घ्या आणि डेटाबेसच्या माणसाला द्या.

'व्हीएमस्टॅट'चा 'एसटी' रकाना सतत दहाच्या वर असेल तर तुमच्या वाट्याचा सीपीयू यजमान मशीनवर इतरत्र जातोय. आतून काहीही बदलून उपयोग नाही, पुरवठादाराशी बोला.

यादीत 'केस्वॅपडी०' (मेमरी मोकळी करणारी कर्नलची प्रोसेस) सीपीयू खाताना दिसला तर 'पीएस'मध्ये ते नाव चौकोनी कंसात आहे का पाहा. कर्नलची खरी प्रोसेस कंसात आणि रूटच्या नावावर असते. कंस नसेल, किंवा ती वेब सर्व्हरच्या युजरखाली चालत असेल, तर ते याच नावाने लपलेलं क्रिप्टो मायनिंगचं सॉफ्टवेअर असण्याची दाट शक्यता आहे. मशीन नेटवर्कपासून तोडा आणि सुरक्षेच्या जाणकाराला बोलवा. नुसती प्रोसेस मारली तर ती परत येते.

आणि प्रोसेसची बेरीज, कॅशे, टीएमपीएफएस सगळं मोजूनही कित्येक जीबींचा हिशेब लागत नसेल, 'प्रॉक'मधल्या 'मेमइन्फो' फाइलीतला 'एसअनरिक्लेम' (कर्नलने स्वतःसाठी धरलेली, परत न मिळणारी मेमरी) दिवसागणिक वाढत असेल, तर गळती कर्नल किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. 'स्लॅबटॉप'चं उत्तर आणि कर्नलची आवृत्ती टिपून ठेवा, बाकी काम सिस्टीमच्या अनुभवी माणसावर सोपवा.